प्रोफेसर कावसजी नायगमवाला

हिंवाळ्यांत यवतमाळच्या निरभ्र आकाशांत मृगनक्षत्र पाहावें. त्यांतील तीन तार्‍यांच्या बाणाखालीं अंधुक ठिपका दिसतो. तो तेजोमेघ होय. १८८० सालीं अमेरिकेंत हेन्री ड्रेपर यांनीं त्याचें पहिलें छायाचित्र घेतलें. त्यानें आकार उमटला. पण तो मेघ कशाचा, हें कळेना.

पुण्याच्या सायन्स कॉलेजांतील प्रो. कावसजी दादाभाई नायगमवाला (१८५७–१९३८) यांनीं हा प्रश्न हातीं घेतला. भावनगरच्या महाराजांच्या देणगीनें तेथें वेधशाळा होऊन १८८८ सालीं २० इंची आरशाची दुर्बीण आली. तेजोमेघाच्या वर्णपटांतील मुख्य हिरवी रेषा मॅग्नेशियमची, असें नॉर्मन लॉक्यर यांचें मत होतें. नांव मोठें खरें. पण कावसजींनीं नांवाकडे न पाहतां रेषेकडे पाहिलें. मॅग्नेशियमची पट्टी एका बाजूस धूसर होत जाते. ही रेषा मात्र रेखीव दिसली. १८९१ सालीं त्यांनीं तसें प्रसिद्ध केलें. पुढें १९२७ सालीं बोवेन यांनीं ती विरल प्राणवायूची असल्याचें दाखविलें.

१८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचे वेध कावसजींनीं जेऊर येथें घेतले. १९१२ सालीं वेधशाळा बंद होऊन दुर्बीण कोडाईकनालला गेली.

विद्यार्थिमित्रहो, थोरांचा मान राखावा. परंतु सत्यापुढें कोणाचेंही नांव मोठें मानूं नये, हाच या चरित्राचा बोध होय.