बर्ट मन्रो व त्यांचें जुनें इंजिन

थोर पुरुषांचीं चरित्रें आमच्या विद्यार्थ्यांनीं पुष्कळ वाचलेलीं असतात. त्यांत राजे असतात, सेनापति असतात, शास्त्रज्ञ व साधुसंत असतात. आज आम्ही ज्या गृहस्थांची ओळख करून देणार आहों, ते यांपैकीं कोणीच नव्हते. त्यांच्याजवळ विद्यापीठाची पदवी नव्हती, मोठें धन नव्हतें, स्वतःचा कारखाना नव्हता. होतें तें मोटारसायकलचें एक जुनें इंजिन, एक लहानसें गॅरेज, आणि कामास न कंटाळणारे दोन हात. एवढ्या भांडवलावर त्यांनीं जगांत नांव मिळविलें, व त्यासाठीं जी किंमत पडली तीहि दिली. ही हकीकत मुलांनीं तर वाचावीच, परंतु त्यांच्या आईबापांनींहि वाचावी, अशी आमची इच्छा आहे.

न्यूझीलंड देशाच्या दक्षिण टोकास इन्व्हरकारगिल नांवाचें शहर आहे. तेथें २५ मार्च १८९९ रोजीं हर्बर्ट जेम्स मन्रो यांचा जन्म झाला. घरीं व मित्रांत त्यांस बर्ट म्हणत. त्यांच्याबरोबर जन्मास आलेली जुळी बहीण जन्मतांच वारली, आणि हा मुलगाहि दोन वर्षांपलीकडे जगणार नाहीं असें डॉक्टरांनीं आईबापांस सांगून ठेवलें. डॉक्टरांचें हें भाकीत तब्बल शहात्तर वर्षांनीं चुकलें!

वडील एडेंडेल गांवाजवळ शेती करीत. शेतीच्या संथ कामांत बर्टचें मन रमेना. घरच्या घोड्यांपैकीं सर्वांत चपळ घोडा निवडावा आणि वडील रागावले तरी तो शेतांतून भरधाव सोडावा, हा त्याचा छंद. आगगाडीनें इन्व्हरकारगिलला जाण्याचा योग क्वचित येई. पण तेथें नव्यानें येऊं लागलेल्या मोटारी व मोटारसायकली दृष्टीस पडल्या, कीं हा मुलगा त्यांकडे पाहत उभा राही.

१९२० सालीं, वयाच्या एकविसाव्या वर्षीं, मन्रो यांनीं 'इंडियन स्काउट' नांवाची नवी मोटारसायकल विकत घेतली. 'इंडियन' या नांवावरून आमच्या वाचकांनीं भ्रमांत पडूं नये. हा कारखाना अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स संस्थानांत स्प्रिंगफील्ड या शहरीं होता, आणि नांव अमेरिकेच्या मूळ रहिवाश्यांवरून घेतलेलें होतें. चार्ल्स फ्रँकलिन नांवाच्या आयरिश इंजिनियरानें ही गाडी आंखली होती. तिचें इंजिन दोन सिलिंडरांचें व सुमारें ६०० घनसेंटिमीटरचें होतें, आणि तिचा अधिकांत अधिक वेग ताशीं ५५ मैल होता. त्या काळीं तो कोणासहि पुरेसा वाटला असता. मन्रो यांस तो पुरेसा वाटला नाहीं.

ज्यास अधिक वेग हवा तो अधिक वेगवान गाडी घेतो, ही जगाची रीत. मन्रो यांनीं दुसरा मार्ग धरला. १९२६ सालापासून त्यांनीं आपल्या त्याच गाडीचें इंजिन उघडून सुधारण्यास आरंभ केला. हें काम पुढें चार दशकांहून अधिक काळ चाललें.

हें काम कसलें होतें, तें समजण्यासाठीं इंजिनाची रचना थोडी ध्यानांत घेतली पाहिजे. सिलिंडर म्हणजे एक भक्कम नळकांडें. त्यांत पेट्रोल व हवा यांचें मिश्रण शिरतें, ठिणगीनें तें पेटतें, आणि आंतील दट्ट्या, ज्यास पिस्टन म्हणतात, तो जोरानें खालीं ढकलला जातो. दट्ट्यास जोडलेला दांडा हा जोर आंसाकडे पोंचवितो व चाक फिरूं लागतें. मिश्रण आंत घेण्यासाठीं व धूर बाहेर सोडण्यासाठीं झडपा असतात. मूळ स्काउट गाडींत या झडपा सिलिंडरच्या बाजूस होत्या; त्यामुळें मिश्रणास वळसा घेऊन आंत यावें लागे. मन्रो यांनीं झडपांची जागाच बदलली. सिलिंडरच्या डोक्यावर त्या बसविल्या, म्हणजे वाट सरळ झाली, सिलिंडर अधिक भरूं लागला, आणि शक्ति वाढली.

परंतु शक्ति वाढली कीं मोडतोडहि वाढते. दट्ट्या एका मिनिटांत हजारों वेळां खालींवर होतो, व प्रत्येक फेरींत दोनदां थांबून त्यास उलट फिरावें लागतें. फेऱ्यांची गति दुप्पट केली, तर दांड्यावर येणारा ताण चौपट होतो. आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस हें गणित फळ्यावर सोडवितां येईल. मन्रो यांस तें तुटलेल्या दांड्यांनीं शिकविलें. दट्ट्या फुटे, दांडा मोडून इंजिनाच्या पोटांत शिरे, सिलिंडर चिरे, आणि कित्येक आठवड्यांची मेहनत एका क्षणांत भंगाराच्या ढिगांत जाई.

बाजारांत असे भाग तयार मिळत नव्हते. मिळते तरी घेण्यास पैसा नव्हता. म्हणून ते सर्व घरींच होऊं लागले. जुने दट्ट्ये व इतर तुकडे वितळवून तो रस ते टाकाऊ पत्र्याच्या डब्यांत ओतीत, आणि निवल्यावर त्यास आकार देत. सिलिंडर जुन्या लोखंडी नळांतून कोरून काढीत. दट्ट्याचे दांडे त्यांनीं एका ट्रॅक्टरच्या आंसाच्या पोलादांतून कापले व कानशीनें घांसून घांसून नेमके केले. बारीक माप घेण्याचें यंत्र म्हणून ते चाकाच्या एका जुन्या आरीचा उपयोग करीत. ज्या कामास कारखान्यांत दहा यंत्रें व दहा माणसें लागतात, तें एक मनुष्य दिव्याच्या उजेडांत, थंडीवाऱ्यांत, एकटा करीत होता.

दिवसा त्यांस पोटासाठीं मोटारसायकली विकण्याचें व दुरुस्तीचें काम असे. तें संपलें कीं गॅरेजांत जाऊन रात्रभर कानस चालवावी, आणि सकाळीं पुनः नोकरीवर हजर व्हावें, असे त्यांचे कित्येक दिवस गेले. १९३८ सालीं त्यांनीं न्यूझीलंडांतील वेगाचा पहिला विक्रम केला. पुढें आणखी सात केले. इन्व्हरकारगिलजवळ ओरेटी नांवाची लांबच लांब पुळण आहे. तिच्यावर ओहोटीच्या वेळीं ते आपल्या यंत्राची परीक्षा घेत.

येथें एक गोष्ट लपवून ठेवणें आम्हांस प्रामाणिकपणाचें वाटत नाहीं. मन्रो यांचा विवाह झालेला होता, व त्यांस चार अपत्यें होतीं. तो संसार टिकला नाहीं. पतिपत्नी विभक्त झालीं, आणि पुढें नोकरीहि सोडून मन्रो गॅरेजांतच राहूं लागले. एका बाजूस बिछाना, दुसऱ्या बाजूस यंत्र, अशी ती खोली होती. संसार मोडण्याचा सर्व दोष एका इंजिनावर टाकणें न्यायाचें होणार नाहीं. तथापि ज्या घरच्या कर्त्या पुरुषाच्या रात्री गॅरेजांत जातात, त्या घरास कांहींतरी उणें पडतेंच. एकाच कामास सर्वस्व वाहणाऱ्या माणसाचें आम्ही कौतुक करतों, तेव्हां त्या सर्वस्वांत दुसऱ्यांचाहि वांटा असतो हें विसरतां कामा नये.

त्या गॅरेजांत एक फळी होती. तिच्यावर वर्षानुवर्षें फुटलेले दट्ट्ये, वांकलेले दांडे व जळालेल्या झडपा ओळीनें मांडून ठेवलेल्या असत. हे सर्व वेगाच्या देवास वाहिलेले नैवेद्य आहेत, अशा अर्थाचीं अक्षरें मन्रो यांनीं तेथें लिहिलीं होतीं. येणाऱ्याजाणाऱ्यास तो विनोद वाटे. आम्हांस तें त्यांचें खरें ग्रंथालय वाटतें. कोणता भाग कोठें तुटला, पोलाद कच्चें होतें कीं जाडी कमी पडली, याचा पुरावा त्या फळीवर सदैव डोळ्यांपुढें होता. बहुतेक माणसें आपल्या चुका लवकरांत लवकर नजरेआड करतात. या गृहस्थांनीं त्या मांडून ठेवल्या.

अमेरिकेच्या यूटा संस्थानांत बॉनव्हिल नांवाचें मिठाचें मैदान आहे. फार प्राचीन काळीं तेथें एक विस्तीर्ण सरोवर होतें. तें आटलें व मागें मीठ राहिलें. हिवाळ्यांत त्यावर पाण्याचा पातळ थर सांचतो, उन्हाळ्यांत तो सुकतो, आणि मैल न् मैल पाटीसारखी सपाट भूमि तयार होते. जगांतील वेगवान गाड्यांची परीक्षा तेथें होत असे. न्यूझीलंडांत एवढी मोकळी जागा नव्हती. आपलें इंजिन खरोखर किती धांवतें हें पाहण्यासाठीं मन्रो समुद्र ओलांडून बॉनव्हिलला गेले. पहिल्या खेपेस केवळ पाहून आले. पुढें यंत्र घेऊन गेले. अशा एकंदर दहा वाऱ्या त्यांनीं केल्या. त्या सुमारास त्यांस हृदयविकाराच्या कळाहि येऊं लागल्या होत्या.

आतां त्यांचा शत्रु होता वारा. वेग तिप्पट केला कीं हवेचा विरोध नऊपट होतो, व त्यास तोंड देण्यास शक्ति सत्तावीसपट लागते. इतकी शक्ति त्या लहान इंजिनांतून काढणें अशक्य. म्हणून विरोधच कमी केला पाहिजे, हें त्यांनीं ओळखलें. ॲल्युमिनियमचा पत्रा हातानें ठोकून त्यांनीं गाडीस माशाच्या आकाराचें कवच केलें. त्या कवचांत पालथें पडून, हनुवटी जवळजवळ यंत्रास टेकवून, ते गाडी चालवीत. पुढें त्यांनीं हलक्या फायबरग्लासचें कवच घेतलें.

१९६२ सालीं, ६३ वर्षांचे असतां, त्यांनीं ताशीं १७८.९५ मैलांचा जागतिक विक्रम केला. त्या वेळीं इंजिन ८५० घनसेंटिमीटरांपर्यंत वाढविलेलें होतें. १९६६ सालीं तें ९२० झालें, व ताशीं १६८.०७ मैलांचा विक्रम वरच्या वर्गांत नोंदला गेला. ऑगस्ट १९६७ मध्यें तेंच इंजिन ९५० घनसेंटिमीटरांचें होतें. मन्रो यांचें वय ६८ वर्षें, यंत्राचें ४७ वर्षें. पात्रतेच्या एका धांवेंत त्यांनीं ताशीं १९०.०७ मैल गांठले, आणि दोन धांवांची सरासरी काढून १८३.५९ मैलांचा विक्रम जाहीर झाला. हजार घनसेंटिमीटरांखालील त्या वर्गांत तो सर्वश्रेष्ठ ठरला.

याच वर्षीं त्यांच्या जिवावरहि बेतलें. भर वेगांत गाडी डगमगूं लागली. वेग उतरावा म्हणून त्यांनीं कवचाबाहेर अंग उचललें, तोंच वाऱ्यानें डोळ्यांवरचा चष्मा उडविला आणि त्यांस कांहीं दिसेना. मार्गावरचा एक पोलादी खुंट अगदीं बोटभर अंतरानें चुकला. शेवटीं त्यांनीं गाडी मिठावर आडवी पाडली व थोड्याशा खरचटण्यावर निभावलें. हें धाडस आम्ही अनुकरणासाठीं सांगत नाहीं. आमच्या विद्यार्थ्यांनीं रस्त्यावर वेगाची परीक्षा पाहूं नये, हें आम्ही येथें निक्षून सांगतों. मन्रो ज्या मैदानावर धांवले तेथें समोरून येणारी बैलगाडी नव्हती कीं शाळेंतून परतणारें मूल नव्हतें.

१९७७ सालीं त्यांस अर्धांगाचा झटका आला. हात पूर्वीसारखे चालेनात. तेव्हां आपलीं यंत्रें परदेशीं जाऊं नयेत म्हणून त्यांनीं तीं आपल्याच भागांतील एका व्यापाऱ्यास विकलीं. ६ जानेवारी १९७८ रोजीं त्यांचें देहावसान झालें. २००५ सालीं त्यांच्या जीवनावर एक चित्रपट निघाला, व २००६ सालीं अमेरिकेंतील मोटारसायकल चालविणाऱ्यांच्या संघटनेनें आपल्या सन्मान्य व्यक्तींत त्यांचें नांव घातलें.

या चरित्रास एक पुरवणी आहे, आणि ती शाळेच्या मासिकास शोभणारी आहे. १९६७ सालच्या त्या विक्रमाची सरासरी काढतांना संघटनेकडून हिशेबांत चूक झाली होती. ती मन्रो यांच्या पुत्राच्या ध्यानांत आली. २०१४ सालीं आंकडा सुधारून ताशीं १८४.०८७ मैल असा लिहिला गेला. वाढ अर्ध्या मैलाचीच. परंतु जो मनुष्य सुताएवढ्या जाडीसाठीं रात्र रात्र कानस चालवीत बसला, त्याच्या बाबतींत अर्धा मैल थोडा नव्हे. स्वतःच्या चुका फळीवर मांडून ठेवणाऱ्या या गृहस्थांच्या कीर्तींत दुसऱ्याची एक चूक ४७ वर्षें दडून राहिली होती. ती त्यांच्या मुलानें शोधून काढली, यांत आम्हांस विशेष समाधान वाटतें. ज्या घरास त्या इंजिनानें दुरावलें होतें, त्याच घरांतून हें शेवटचें काम पुरें झालें.

आईबापांस आमची एक विनंति आहे. मुलानें घरांतलें बंद पडलेलें घड्याळ उघडलें व त्याचे सुटे भाग चटईवर पसरले, तर एकदम हात उगारूं नये. तें घड्याळ पुनः चालू होईल असें नाहीं; परंतु मुलाचे हात चालू राहतील. आणि विद्यार्थिमित्रहो, तुमच्याकडे एक मागणी. वर्षाच्या अखेरीस उत्तरपत्रिका हातीं आल्या, कीं ज्यांवर लाल शाई अधिक दिसते त्या तुम्ही प्रथम फाडून टाकतां. या वर्षीं तसें करूं नका. अभ्यासाच्या जागीं एक फळी मोकळी करून त्या तेथें मांडून ठेवा, आणि चूक कोठें झाली तें पुढील परीक्षेच्या आधीं एकवार पाहून घ्या.