सशापासून माणसापर्यंत : वाल्डेमार हाफकिन

घरात मेलेला उंदीर दिसला की गाव सोडायचे, ही सव्वाशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रातल्या अनेक गावांची रीत होती. शेतात नाहीतर माळावर झोपड्या घालायच्या, साथ ओसरेपर्यंत तिथेच राहायचे आणि मग घर सारवून परतायचे. खानदेशानेही प्लेगचे हे दिवस पाहिले. मुंबईहून हा रोग रेल्वेने, धान्याच्या पोत्यांबरोबर आणि जीव वाचवायला निघालेल्या माणसांबरोबर आत शिरला. पारोळ्याला आजही रेल्वे नाही. पण रोगाला स्टेशन लागत नाही, त्याला बैलगाडीही चालते. जळगावच्या बहिणाबाई चौधरी यांच्या एका मुलाला प्लेगने कायमचे अपंगत्व आले. काखेत किंवा जांघेत गाठ, सणसणीत ताप, आणि गाठ आलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक दगावणार, असा तो हिशेब होता. औषध नव्हते. होती ती परळहून येणारी लसीची बाटली.

ती बाटली ज्यांनी तयार केली ते वाल्डेमार हाफकिन डॉक्टर नव्हते. ते प्राणिशास्त्रज्ञ होते, आणि हिंदुस्थानातल्या अनेक ब्रिटिश डॉक्टरांना ही गोष्ट कायम खुपत राहिली. त्यांचा जन्म १८६० साली ओडेसा येथे एका ज्यू कुटुंबात झाला. विद्यापीठात त्यांना गुरू लाभले ते इल्या मेचनिकॉफ. रशियातल्या ज्यूविरोधी दंगलींत ज्यूंच्या संरक्षणासाठी ते उभे राहिले, त्यात जखमी झाले, तुरुंगातही गेले. धर्म बदलला असता तर विद्यापीठात बढती मिळाली असती; त्यांनी नकार दिला. पुढे जिनिव्हामार्गे ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत पोहोचले, तेही ग्रंथालयातल्या नोकरीवर. दिवसा पुस्तके सांभाळायची आणि उरलेला वेळ प्रयोगशाळेत घालवायचा.

तिथे त्यांनी पटकीचा (कॉलराचा) जिवाणू हाती घेतला. गिनीपिगच्या पोटाच्या पोकळीत हा जिवाणू सोडायचा, त्यातून काढून दुसऱ्या गिनीपिगमध्ये, मग तिसऱ्यात. अशा फेऱ्यांनी जिवाणूचा जोर वाढतो. दुसरीकडे तोच जिवाणू उष्णतेत वाढवून दुबळा करायचा. आधी दुबळा, मग जोरकस, अशा दोन टोचण्या. गिनीपिग वाचले. पण यात एक मोठी अडचण होती. प्राण्यांना माणसासारखी पटकी आपणहून होत नाही. गिनीपिगच्या पोटात सुईने जिवाणू सोडून जे होते ते विषबाधेसारखे असते, जुलाबाचा आजार नव्हे. ही अडचण सुटायला अर्धे शतक जावे लागले. १९५०च्या दशकात कोलकात्यात शंभुनाथ डे यांनी सशाच्या आतड्याच्या बांधलेल्या तुकड्यात आणि मुंबईत हाफकिन संस्थेत एन. के. दत्ता यांनी सशाच्या पिलांत पटकीचा खरा परिणाम दाखवला. १८९२मध्ये हाफकिन यांच्याकडे असे काहीच नव्हते. १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी लस स्वतःला टोचून घेतली.

१८९३मध्ये ते कलकत्त्याला आले आणि दोन-अडीच वर्षांत चाळीस हजारांहून अधिक लोकांना लस दिली. मलेरियाने खिळखिळे होऊन ते युरोपला गेले, पण परत आले. तोवर मुंबईवर दुसरेच संकट कोसळले होते. सप्टेंबर १८९६मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. सरकारने हाफकिन यांना कलकत्त्याहून बोलावले. ऑक्टोबरमध्ये ते मुंबईत दाखल झाले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना थोडीशी जागा, एक कारकून आणि तीन शिपाई मिळाले.

त्या जागेत त्यांनी केलेले काम आजही थक्क करते. बकऱ्याच्या मांसाच्या रसात त्यांनी प्लेगचा जिवाणू वाढवला आणि वर तुपाचे थेंब सोडले. तरंगणाऱ्या तुपाच्या खालच्या बाजूने जिवाणूंच्या वसाहती वडाच्या पारंब्यांसारख्या खाली लोंबू लागत. बाटली हलवली की पारंब्या तळाशी पडत आणि वर नव्या फुटत. अशी काही आठवडे वाढ झाली की द्रव तापवून जिवाणू मारायचे, थोडे कार्बोलिक ॲसिड घालायचे. मेलेले जिवाणू आणि त्यांनी द्रवात सोडलेले विष, दोन्ही मिळून ही लस झाली. डिसेंबरात सशांवर चाचणी झाली. लस घेतलेले ससे जिवंत प्लेगच्या जिवाणूलाही पुरून उरले. पटकीपेक्षा इथे पाया भक्कम होता, कारण प्लेग हा मुळात उंदरांसारख्या प्राण्यांचाच रोग आहे.

तरीही ससा म्हणजे माणूस नव्हे. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी १० घन सेंटिमीटर लस स्वतःच्या अंगात घेतली. पुढे लोकांना देण्यात आली त्याच्या कितीतरी पट ही मात्रा होती. ताप आला, टोचल्या जागी ठणका लागला, आणि काही दिवसांत ते सावरले. आज कोणतीही नीतिमत्ता समिती असा प्रयोग मंजूर करणार नाही, आणि ते योग्यच आहे. शिवाय यातून लस प्राणघातक नाही एवढेच कळले. ती वाचवते की नाही, हे एका माणसावरून कळत नाही.

हे त्यांना पुरते ठाऊक होते, म्हणूनच पुढची पायरी महत्त्वाची. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तयार असलेल्या कैद्यांना लस दिली, उरलेले तसेच राहिले. अन्न तेच, कोठड्या त्याच. टोचलेल्यांत लागण स्पष्टपणे कमी दिसली. फेब्रुवारी १८९८मध्ये बडोदे संस्थानातल्या उंढेरा गावात तर घरोघरी अर्धी माणसे टोचली आणि अर्धी ठेवली. लस न घेतलेल्या ६४ जणांपैकी २७ आजारी पडले आणि २६ मेले. घेतलेल्या ७१ जणांपैकी ८ आजारी पडले, ३ मेले. लस पूर्ण संरक्षण देत नव्हती, आणि हाफकिन यांनी तसा दावा केला नाही. पण उंढेऱ्याच्या एकाच घरातल्या दोन भावांत फरक कशाने पडला, हे कुणालाही समजेल असे त्यांनी मांडले होते.

लोकांचा विश्वास मात्र आकड्यांनी बसत नव्हता. घरझडत्या, सक्तीने रुग्णालयात नेणे, लष्करी पथके यांमुळे सरकारी सुईचीही धास्ती होती. अशा वेळी आगाखानांनी चारचौघांसमोर लस घेतली, आपल्या खोजा समाजाला पुढे केले आणि प्रयोगशाळेसाठी माझगावातला बंगला दिला. १८९९मध्ये ही प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली.

मग आले मुलकोवाल. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या या गावात १०७ जणांना लस दिली गेली. त्यांतले १९ जण धनुर्वाताने मेले. हे सगळे एकाच बाटलीतून टोचलेले होते. पंजाबची मोठी मागणी भागवण्यासाठी परळला तयार करण्याची पद्धत बदलली होती आणि कार्बोलिक ॲसिड वगळले होते. चौकशी समितीने बोट परळकडे दाखवले. हाफकिन यांना पदावरून बाजूला करण्यात आले आणि ते देश सोडून गेले. पण धनुर्वाताचे जिवाणू वाढलेल्या द्रवाला दुर्गंधी येते. ती बाटली उघडताना तशी आली नव्हती. शिवाय बूच काढण्याचा चिमटा गावात जमिनीवर पडला होता आणि नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता, हेही पुराव्यात होते. १९०७मध्ये रोनाल्ड रॉस आणि इतर नामवंत शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्समध्ये पत्र लिहून त्यांची बाजू घेतली, आणि सरकारला त्यांना दोषमुक्त करावे लागले.

परत नेमणूक झाली ती कलकत्त्यात. परळ मिळाले नाही, नव्या लसीच्या चाचण्यांनाही मुभा मिळाली नाही. प्राण्यावर सिद्ध करायचे, स्वतःवर घ्यायचे, मग गावात जाऊन मोजायचे, असे ज्याने आयुष्य काढले त्याला मोजण्याचीच बंदी झाली. १९१४-१५च्या सुमारास ते निवृत्त होऊन युरोपला गेले.

परळच्या प्रयोगशाळेला १९२५मध्ये त्यांचे नाव देण्यात आले. तिथेच पुढे साहिबसिंग सोखे आणि अमरावतीचे भालचंद्र दीक्षित यांनी उंदरांना प्लेगची लागण करून नवी सल्फा औषधे तपासली, मग ती रुग्णांना दिली. १९४०मध्ये ते निष्कर्ष लॅन्सेटमध्ये छापून आले. त्यानंतर काही वर्षांत स्ट्रेप्टोमायसिन आले आणि गाठ आलेला माणूस वाचू लागला. हाफकिन यांनी हे पाहिले नाही. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले होते.