चायना ग्रासची जेली, मोबाईलची काच आणि सॅम्युअल किस्लर

नौपाड्यात गोखले रोडवरच्या एखाद्या किराणा दुकानात चायना ग्रासचं पाकीट मागा, सहज मिळेल. घरी त्याचं पुडिंग होतं. आता त्याची साधी जेली करून दोन-तीन दिवस उघडी ठेवून बघा. ती आकसते, सुरकुतते आणि शेवटी बशीला चिकटलेला कडक पापुद्रा उरतो. साधारण शंभर वर्षांपूर्वी एका अमेरिकन शिक्षकाला हेच छळत होतं. जेलीचा आकार तसाच ठेवून आतल्या पाण्याच्या जागी नुसती हवा भरता येईल का?

या माणसाचं नाव सॅम्युअल स्टीफन्स किस्लर. जन्म 1900 साली, कॅलिफोर्नियातल्या सीडरव्हिल या छोट्या गावात. कॉलेजात तो शेतीचं शिकणार होता, सोबत चेलो वाजवायचा. पण रसायनशास्त्राने त्याला असं ओढलं की तिथले त्या विषयाचे सगळे वर्ग त्याने करून टाकले. पुढे स्टॅनफर्ड, मग वर्षभर तेल कंपनीत नोकरी, आणि परत आपल्याच जुन्या कॉलेजात शिकवणं. चार्ल्स लर्नेड नावाच्या सहकाऱ्याशी जेलीवरून पैज लागली आणि त्यातून एरोजेल जन्मलं, अशी गोष्ट सांगितली जाते. पैजेचं खरंखोटं जाऊ द्या, प्रश्न खरा होता.

जेली म्हणजे काय, तर बारीक धाग्यांचं जाळं आणि त्यात अडकलेलं पाणी. पाणी उडायला लागलं की उरलेल्या पाण्याचा पृष्ठताण त्या धाग्यांना एकमेकांकडे खेचतो आणि जाळं कोसळतं. किस्लरची युक्ती अशी: द्रव बंद भांड्यात इतका तापवायचा आणि दाबायचा, की द्रव आणि वायू हा फरकच राहू नये. फरक नाही म्हणजे पृष्ठताण नाही. मग हळूच वायू सोडून द्यायचा. पण त्यासाठी पाण्याला 374 अंश सेल्सिअस लागतात आणि एवढ्या गरम पाण्यात सिलिकाचं जाळंच विरघळतं. म्हणून त्याने आधी पाणी काढून अल्कोहोल भरलं. मिथेनॉलचं काम 240 अंशांच्या आसपास होतं. (हे घरी करायच्या भानगडीत पडू नका. प्रेशर कुकरचं हे काम नाही.)

1931 साली ‘नेचर’मध्ये त्याचा छोटासा लेख आला. एरोजेल म्हटलं की आपल्याला सिलिकाचा निळसर, धुरासारखा ठोकळा आठवतो. सिलिका म्हणजे ऑक्साईड, वाळूचीच जातकुळी. पण किस्लर तिथे थांबला नव्हता. सेल्युलोज, जिलेटीन, अंड्याचा पांढरा बलक आणि आपलं चायना ग्रास, म्हणजे अगार, यांचीही एरोजेल त्याने बनवली. ऑक्साईड नसलेली एरोजेल हा आजचा चर्चेतला विषय, पण त्याची सुरुवात पहिल्याच फटक्यात झाली होती. माझ्या मते त्याचं खरं मोठेपण इथे आहे, आणि नेमकं हेच लोक विसरले.

कारण पैसा सिलिकात होता. चाळीसच्या दशकात मोन्सॅन्टो कंपनीने ‘सँटोसेल’ नावाने सिलिका एरोजेल विकायला काढलं. इन्सुलेशनसाठी आणि सौंदर्यप्रसाधनांतही ते गेलं. मग स्वस्त फ्यूम्ड सिलिका आला आणि 1970 च्या सुमारास उत्पादन बंद पडलं.

तोवर किस्लर युटा विद्यापीठात गेला होता. 1952 साली तो तिथल्या अभियांत्रिकी कॉलेजचा डीन झाला. 1962 मध्ये त्याने काचेवर एक लेख लिहिला. काच वितळलेल्या पोटॅशियम क्षारात ठेवली की पृष्ठभागावरचे छोटे सोडियम आयन बाहेर पडतात आणि त्यांच्या जागी मोठे पोटॅशियम आयन घुसतात. गर्दीच्या लोकलमध्ये बारीक माणूस उतरून पैलवान चढावा तसं. वरचा थर दाबला जातो आणि काच सहजी तडकत नाही. तुमच्या फोनची वरची काच आज याच तत्त्वावर मजबूत केली जाते.

1975 साली सॉल्ट लेक सिटीत तो वारला. तेव्हा एरोजेल जवळपास अडगळीत पडलं होतं. पण फ्रान्समधल्या लियाँ इथे सिलिका एरोजेल बनवायची सोपी पद्धत निघाली आणि विषय पुन्हा जिवंत झाला. 2006 मध्ये नासाचं स्टारडस्ट यान एरोजेलमध्ये अडकलेली धूमकेतूची धूळ घेऊन परतलं. आपल्याकडे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात तर ‘एअर ग्लास लॅबोरेटरी’ नावाची प्रयोगशाळाच झाली.

ऑक्साईड नसलेल्यांची पाळी जरा उशिरा आली. 1989 च्या सुमारास अमेरिकेत पेकाला यांनी रेझॉर्सिनॉल आणि फॉर्मल्डिहाईडपासून जेल बनवलं. त्याचं एरोजेल हवेशिवाय भाजलं की कार्बन एरोजेल मिळतं. त्यातून वीज वाहते, म्हणून सुपरकपॅसिटरमध्ये ते उपयोगी पडतं. 2007 मध्ये गंधकयुक्त एरोजेल आली, ती पाण्यातला पारा शोषून घेतात. नाजूक पदार्थ सुकवायला आता कार्बन डायऑक्साईड वापरतात. त्याला 31 अंश पुरतात, म्हणजे ठाण्यातली साधी दुपार. दाब मात्र 73 पट लागतो. सेल्युलोज आणि अगारची एरोजेल प्रयोगशाळांत पुन्हा बनू लागली आहेत, औषध हळूहळू सोडण्यासाठी आणि जखमेवरच्या पट्ट्यांसाठी.