गिरणी सोडली, शाळा सोडली नाही

बडोद्यास गेलो की माझा मुक्काम प्रतापनगरला असतो. तेथून पूर्वी डभोईकडे छोटी गाडी जात असे. पुढे रूळ रुंद झाले आणि २०२१ पासून केवडियापर्यंत गाडी सुरू झाली. संस्थानाच्या खजिन्यातून उभ्या राहिलेल्या त्या रेल्वेची आठवण झाली, की सरकारने काय करावे आणि काय लोकांवर सोडावे, हा आपल्या अर्थशास्त्राच्या तासाला रंगणारा वाद मनात येतो, आणि त्याबरोबर तिसरे सयाजीराव गायकवाड.

नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावी १८६३ साली शेतकऱ्याच्या घरी जन्मलेला हा गोपाळ. १८७५ साली इंग्रजांनी मल्हारराव गायकवाडांना पदच्युत केले आणि जमनाबाईंनी गोपाळला दत्तक घेतले. वयाच्या बाराव्या वर्षी त्याची अक्षरांशी ओळख सुरू झाली. १८८१ च्या अखेरीस राज्यकारभार हाती आला.

महाराजांनी सरकारी सूतगिरणी चालवून पाहिली. पुढे ती खाजगी मालकांकडे गेली. १९०८ साली बँक ऑफ बडोदा निघाली तीही भागधारकांची, महाराजांचा आश्रय तेवढा पाठीशी. (तीच बँक १९६९ मध्ये भारत सरकारने ताब्यात घेतली, ही गंमत वादपटूंनी ध्यानात ठेवावी!) व्यापार व्यापाऱ्याने करावा, सरकारने वाट दाखवून बाजूला व्हावे, असा हा कल दिसतो.

शाळेच्या बाबतीत मात्र ते बाजूला झाले नाहीत. १८९३ साली अमरेली भागातील काही गावांत सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू झाले आणि १९०६ साली ते सर्व राज्यात लागू झाले. मुलींनाही ही सक्ती होती. मूल शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दंड होई. येथे माझे मन अडते. गुरे राखणारा मुलगा, धाकट्या भावंडाला सांभाळणारी मुलगी ही गरिबाच्या घरची कामाची माणसे. त्यांना शाळेत बसवायचे आणि वर बापाला दंड करायचा! शिवाय कायदा करताना त्या बापाला कोणी विचारले नव्हते. पुढे धारासभा स्थापन झाली, पण अखेरचा शब्द महाराजांचाच राहिला. तरीही मी सक्तीच्याच बाजूचा आहे. गिरणी नाही काढली तर दुसरा कोणी काढील. खेड्यातील मुलीसाठी शाळा त्या काळी दुसरे कोण काढणार होते?

गोखल्यांनी १९११ साली कायदेमंडळात सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक मांडले, तेव्हा बडोद्याचा दाखला समोर होताच. १९१२ साली ते फेटाळले गेले. आपल्या शेजारी कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली हाच मार्ग धरला. कन्नड विभागातील मित्र म्हैसूरचे नाव घेतील, ते रास्तच. तेथे तर भद्रावतीचा लोखंडाचा कारखानाही सरकारने काढला.

सयाजीराव १९३९ साली मुंबईत वारले. शिक्षणहक्काचा केंद्रीय कायदा व्हायला २००९ साल उजाडले. त्यात पालकांना दंड नाही. मुलाला शाळेत आणण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे.