वैद्य गार्सिया द ओर्ता

रोग्याच्या खाटेशीं उभ्या राहणाऱ्या वैद्यानें जुन्या ग्रंथांवर भिस्त ठेवावी, कीं स्वतःच्या डोळ्यांवर? सोळाव्या शतकांत गोव्यांतील एका पोर्तुगीज वैद्यानें या प्रश्नाचें उत्तर दिलें. गार्सिया द ओर्ता १५३४ सालीं गोव्यास आले. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावरही त्यांनीं उपचार केले. मुंबई बेट कांहीं काळ त्यांजकडे खंडानें होतें.

१५६३ सालीं गोव्यांत छापलेला त्यांचा ग्रंथ संवादरूप आहे. स्वदेशाहून नुकताच आलेला रुआनो हा कल्पित वैद्य पदोपदीं ग्रीक आचार्यांचा आधार घेतो. ओर्ता त्यास येथील औषधी व स्वतःचा अनुभव सांगतात. पटकीचें वर्णन करतांना त्यांनीं मोडशी हेंच येथील नांव वापरलें, आणि एतद्देशीय वैद्य रोग्यास मिरीं व जिरें घालून तांदळाची पेज देतात, हेंही नोंदविलें. त्यांजकडून शिकण्यांत त्यांना कमीपणा वाटला नाहीं.

ओर्ता सक्तीनें बाप्तिस्मा दिलेल्या यहुदी कुळांतील होते. १५६८ सालीं ते निवर्तले. १५६९ सालीं धर्मन्यायासनाच्या निकालावरून त्यांच्या बहिणीस जाळण्यांत आलें; १५८० सालीं त्यांच्या अस्थि उकरून त्याही जाळल्या गेल्या. ही गोष्ट आपण ख्रिस्तसभेच्या लेकरांनीं झांकून ठेवूं नये. सत्याच्या नांवाखालीं झालेल्या बळजबरीबद्दल २००० सालीं पोप दुसरे जॉन पॉल यांनीं देवाची क्षमा मागितली. तीच प्रार्थना आपणही करूं या, आणि या वैद्याच्या आत्म्यास प्रभु चिरशांति देवो.