जीपीएस नसताना पुण्याचा नकाशा वाचणारे डी. डी. कोसंबी

जीआयएस म्हटलं की आपल्याला मोबाईलमधला मॅप आठवतो. पण रस्ता दाखवणं हे जीआयएसचं अगदी छोटं काम आहे. खरं काम म्हणजे एकाच जागेची वेगवेगळी माहिती थरांमध्ये मांडायची, ते थर एकमेकांवर ठेवायचे आणि काय जुळतंय ते बघायचं. एका थरात रस्ते, दुसऱ्यात नद्या, तिसऱ्यात वस्ती. हे समजावताना मी सॉफ्टवेअरपासून सुरुवात करत नाही. मी पुण्यातल्या एका माणसाची गोष्ट सांगतो, ज्याने कॉम्प्युटरशिवाय हेच केलं.

दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा जन्म 31 जुलै 1907 चा, गोव्यातल्या कोसबेन गावचा. वडील धर्मानंद कोसंबी हे बौद्ध साहित्याचे नामवंत अभ्यासक. 1918 मध्ये वडिलांबरोबर ते अमेरिकेला गेले आणि 1929 मध्ये हार्वर्डमधून पदवी घेऊन परतले. बनारस आणि अलीगढला शिकवून झाल्यावर ते पुण्यात फर्ग्युसन कॉलेजमध्ये गणित शिकवू लागले. 1945 मध्ये होमी भाभांनी त्यांना टीआयएफआरमध्ये बोलावलं. नोकरी मुंबईत, घर पुण्यात, म्हणून डेक्कन क्वीनने ये-जा सुरू झाली.

गणित, जे आज सॅटेलाइट फोटोत सापडतं

1943 मध्ये कोसंबींनी एक शोधनिबंध लिहिला. कल्पना अशी: गुंतागुंतीची, बदलती माहिती काही मोजक्या मूळ घटकांत अशी मोडायची की पहिल्या दोन-तीन घटकांतच बहुतेक सगळं यावं. काही वर्षांत कारहुनेन आणि लोएव्ह या दोघांनी स्वतंत्रपणे हेच मांडलं आणि जगात त्यांचीच नावं रूढ झाली. आता काही जण त्याला कोसंबी-कारहुनेन-लोएव्ह म्हणतात.

याचा नकाशाशी काय संबंध? सेंटिनेल-2 हा उपग्रह एकाच जागेचं चित्र 13 बँडमध्ये टिपतो. शेजारच्या बँडमध्ये बरीचशी माहिती सारखीच असते. ती दाबून दोन-तीन चित्रांत आणायची पद्धत म्हणजे पीसीए. ती कोसंबींच्या गणिताची जवळची नातेवाईक. पीक, पाणी, बांधकाम वेगळं ओळखायला ती रोज वापरली जाते.

पायी फिरून गोळा केलेला डेटा

इतिहासाकडे ते नाण्यांमुळे वळले. नाणं जितकं जास्त फिरतं तितकं झिजतं आणि हलकं होतं. म्हणून त्यांनी हजारो नाणी वजन करून तपासली. मग ते घराबाहेर पडले. पुण्याच्या टेकड्या आणि आसपासची गावं पायी हिंडून त्यांनी अश्मयुगातली बारीक दगडी हत्यारं वेचली. गावाबाहेरच्या बोल्हाई, तुकाई अशा देवींची ठाणी बघितली. गावकऱ्यांशी आणि धनगरांशी बोलून जुन्या वाटा समजून घेतल्या.

आजच्या भाषेत सांगायचं तर हे तीन थर झाले. हत्यारं सापडली ते बिंदू, देवींची ठाणी तेही बिंदू आणि पायवाटा म्हणजे रेषा. हे एकत्र बघून त्यांनी असं मांडलं की गावाशी नातं न सांगणारी अनेक ठाणी जुन्या वाटा एकमेकींना भेटत तिथे आहेत, आणि दगडी हत्यारंही त्याच वाटांच्या आसपास मिळतात. पंढरीच्या वारीचा मार्गही माणसांच्या आणि कळपांच्या फार जुन्या हंगामी वाटांशी त्यांनी जोडला. कार्ले, जुन्नरची लेणी व्यापारी मार्गांच्या कडेला का आहेत, हाही प्रश्न त्यांनी असाच सोडवला. 1956 आणि 1962 मधल्या त्यांच्या पुस्तकांत हे सगळं आहे.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. दोन थर जुळले म्हणजे कारण सिद्ध झालं असं नसतं. कोसंबींच्या काही निष्कर्षांवर आजही वाद होतात. पण त्यांनी ठिकाणं नावानिशी सांगितली, म्हणून दुसरा कोणीही तिथे जाऊन तपासू शकतो. जीआयएसवाले याला ग्राउंड ट्रुथ म्हणतात. स्क्रीनवर दिसतंय ते जमिनीवर खरंच आहे का, हे बघणं.

शेवटची वर्षं

गणितात सगळंच त्यांना साधलं नाही. रीमान हायपोथिसिस या प्रसिद्ध कोड्यावरचं त्यांचं उत्तर टिकलं नाही. 1962 मध्ये टीआयएफआरने त्यांचा करार पुढे वाढवला नाही. पुण्यातलं काम मात्र थांबलं नाही. 29 जून 1966 ला पुण्यातच झोपेत त्यांचं निधन झालं. वय अवघं 58.

मग आपण काय करायचं?

कोसंबी फिरले तेव्हा शहराबाहेर मोकळी माळरानं होती. आज त्यातल्या बऱ्याच जागी सोसायट्या आणि रस्ते आहेत. एकदा जेसीबी फिरला की तिथला पुरावा परत मिळत नाही. नोंद असेल तर ठिकाण तरी कळतं. नोंद नसेल तर तेही जातं.

तुमच्या खिशात जीपीएस आहे. गावाबाहेरचं ठाणं, जुनी विहीर, वीरगळ दिसला तर लोकेशन सुरू ठेवून फोटो काढा. अक्षांश-रेखांश, तारीख आणि गावात त्या जागेला काय म्हणतात ते लिहा. दगड तिथून उचलू नका, कारण जागेवरून हलला की त्याची अर्धी माहिती जाते. अशा वीस-पंचवीस नोंदी झाल्या की क्यूजीआयएस हे फुकट सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवर उघडा, बिंदू टाका, त्यावर नदी आणि रस्त्यांचा थर ठेवा. काही जुळलं तर लगेच पोस्ट टाकू नका. आधी त्या जागी परत जा आणि तिथल्या जाणत्या माणसाला विचारा. कोसंबींचं निम्मं काम याच पद्धतीने झालं होतं.