विश्लेषण : चॅट अ‍ॅपसाठी टीसीपी की यूडीपी? दोन्हींचे नियम लिहिणारे जॉन पोस्टेल कोण होते?

मोबाइलवर चॅट अ‍ॅप तयार करणाऱ्या टीमला सुरुवातीलाच एक निर्णय घ्यावा लागतो. मेसेज टीसीपीवरून पाठवायचा की यूडीपीवरून? प्रोटोकॉल म्हणजे दोन संगणकांनी एकमेकांशी कसे बोलायचे याचे नियम. या दोन प्रोटोकॉलचे नियम ज्या दस्तऐवजांतून जगासमोर आले, त्यांवर एकाच माणसाची मोहोर आहे. ते म्हणजे अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ जॉन पोस्टेल. स्मार्टफोन घरोघरी पोहोचण्याच्या कितीतरी आधी, १९९८ मध्ये त्यांचे निधन झाले. तरीही चॅट अ‍ॅपचा आराखडा आखताना आजही त्यांच्याच कामापासून सुरुवात करावी लागते.

पोस्टेल यांची सुरुवात कशी झाली?

पोस्टेल यांचा जन्म ६ ऑगस्ट १९४३ रोजी कॅलिफोर्नियात झाला. लॉस एंजेलिसमधील कॅलिफोर्निया विद्यापीठातून त्यांनी अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि १९७४ मध्ये संगणकशास्त्रात पीएच.डी. मिळवली. इंटरनेटचा पूर्वज असलेल्या अर्पानेटवरचा पहिला संदेश २९ ऑक्टोबर १९६९ रोजी याच विद्यापीठातून गेला. तेव्हा पोस्टेल तिथल्या नेटवर्क प्रयोगशाळेत विद्यार्थी म्हणून काम करत होते. त्याच वर्षी नेटवर्कचे नियम लिहून ठेवणाऱ्या ‘आरएफसी’ या दस्तऐवजांची मालिका सुरू झाली. तिच्या संपादनाची जबाबदारी पोस्टेल यांच्याकडे आली आणि अखेरपर्यंत त्यांच्याकडेच राहिली. लांब दाढी आणि पायात सँडल अशा साध्या वेशातला हा माणूस पडद्यामागेच रमला.

टीसीपी आणि आयपी वेगळे का झाले?

टीसीपीची मूळ कल्पना व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांची. सुरुवातीला पत्ता शोधणे आणि माहिती बिनचूक पोहोचवणे ही दोन्ही कामे हा एकच प्रोटोकॉल करत असे. एकाच नियमावर दोन वेगळी ओझी टाकणे चूक आहे, अशी भूमिका पोस्टेल यांनी १९७७ मध्ये लेखी मांडली. त्यांचे सहकारी डॅनी कोहेन नेटवर्कवरून आवाज पाठवण्याचे प्रयोग करत होते. बोलताना एखादा शब्द हरवला तर चालतो, पण हरवलेल्या शब्दासाठी सगळे संभाषण थांबले तर चालत नाही. अखेर दोन्ही कामांची फारकत झाली. पत्त्याचे काम आयपीकडे गेले आणि खात्रीने पोहोचवण्याचे काम टीसीपीकडे राहिले. ज्यांना ती खात्री नको होती, त्यांच्यासाठी पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८० मध्ये यूडीपीचा नियम लिहिला. तो अवघ्या तीन पानांचा होता. वर्षभराने, सप्टेंबर १९८१ मध्ये त्यांनी संपादित केलेला टीसीपीचा दस्तऐवज आला. तो ८० पानांच्या पुढे गेला.

मग चॅटसाठी कोणता निवडायचा?

टीसीपी आधी जोडणी प्रस्थापित करतो, प्रत्येक तुकड्याला क्रमांक देतो, पोच घेतो आणि हरवलेला तुकडा पुन्हा पाठवतो. यूडीपी यातले काहीच करत नाही. म्हणून त्याचे शीर्ष फक्त ८ बाइटचे असते, तर टीसीपीचे किमान २० बाइटचे. लिखित मेसेजमधला एक शब्दही गळून चालत नाही, म्हणून त्यासाठी साधारणपणे टीसीपी निवडला जातो. एक्सएमपीपी, एमक्यूटीटी, वेबसॉकेट हे चॅटसाठी वापरले जाणारे प्रोटोकॉल मुख्यतः टीसीपीवरच चालत आले आहेत. ऑडिओ आणि व्हिडीओ कॉल मात्र शक्यतो यूडीपीवरून जातात. कोहेन यांची अडचण तीच होती.

इथे एक गोष्ट हमखास निसटते. टीसीपीची पोच फक्त जोडणीच्या दुसऱ्या टोकाची असते आणि चॅट अ‍ॅपमध्ये ते टोक बहुधा सर्व्हर असतो. मित्राच्या फोनपर्यंत मेसेज गेला की नाही, हे टीसीपी सांगत नाही. त्यासाठी अ‍ॅपला स्वतःची पोच पद्धत लिहावी लागते. दोन टिकची खूण त्यातूनच येते.

मोबाइलवर गणित कुठे बिघडते?

टीसीपीची जोडणी दोन्ही बाजूंचे आयपी पत्ते आणि पोर्ट यांवरून ओळखली जाते. घरातल्या वाय-फायवरून मोबाइल डेटावर गेलो की फोनचा पत्ता बदलतो आणि जोडणी तुटते. १९८१ मध्ये बहुतेक संगणक जागचे हलत नव्हते, त्यामुळे तेव्हा हा प्रश्न फारसा जाणवत नव्हता. यावर २०२१ मध्ये प्रमाणित झालेला ‘क्विक’ प्रोटोकॉल उपाय देतो. तो जोडणीला स्वतंत्र ओळख क्रमांक देतो, त्यामुळे पत्ता बदलला तरी संवाद चालू राहू शकतो. विशेष म्हणजे तो यूडीपीवर उभा आहे. पोस्टेल यांनी तीन पानांत फार काही ठरवले नाही, म्हणूनच ४० वर्षांनंतर त्यावर नवे काही बांधता आले.

१९९८ मध्ये काय घडले?

इंटरनेटवरचे क्रमांक आणि पत्ते कोणाला द्यायचे, याची नोंदवहीही पोस्टेलच सांभाळत. २८ जानेवारी १९९८ रोजी त्यांनी आठ रूट सर्व्हर चालवणाऱ्यांना ई-मेल पाठवून, मुख्य यादी आपल्या सर्व्हरवरून घेण्यास सांगितले. त्यांनी ते ऐकले. सामान्य वापरकर्त्याला काहीच जाणवले नाही, पण अमेरिकी सरकार हादरले. ही चाचणी होती असे पोस्टेल यांनी सांगितले आणि व्यवस्था पूर्ववत केली. केवळ एका व्यक्तीवरच्या विश्वासावर जगाचे नेटवर्क चालावे का, हा प्रश्न मात्र उघड झाला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये या कामासाठी ‘आयकॅन’ ही संस्था स्थापन झाली. ती उभी राहण्यासाठी पोस्टेल यांनीच धडपड केली होती. पण तिचे काम पाहायला ते राहिले नाहीत. हृदयाच्या झडपेवरील शस्त्रक्रियेनंतर गुंतागुंत होऊन १६ ऑक्टोबर १९९८ रोजी, ५५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या कामातून काय घ्यायचे?

पाठवताना काटेकोर राहा आणि स्वीकारताना उदार राहा, हे पोस्टेल यांचे सूत्र प्रसिद्ध आहे. चुकीचा डेटा उदारपणे स्वीकारल्याने सुरक्षेला धोका होतो, अशी टीका त्यावर आता होते आणि ती रास्तही आहे. प्रत्येक कामासाठी वेगळा नियम असावा, हा त्यांचा आग्रह मात्र टिकून आहे. चॅट अ‍ॅप तयार करताना एकच प्रोटोकॉल सगळीकडे लावण्याऐवजी मेसेज, कॉल आणि फाइल यांचा वेगवेगळा विचार करायचा, तो याचसाठी.